हिरम पर्सी मॅक्सिम

मॅक्सिम हें नांव काढलें म्हणजे जाणत्या वाचकांस प्रथम तोफ आठवते. घोडा एकदां दाबून धरला कीं मिनिटाला शेंकडों गोळ्या झाडणारी ती तोफ सर हिरम स्टीव्हन्स मॅक्सिम यांनीं शोधून काढली, आणि तिच्या कडकडाटाबरोबर त्यांचें नांवही पृथ्वीभर गेलें. परंतु आज आम्ही ज्यांचें चरित्र वाचकांपुढें ठेवीत आहोंत ते सर हिरम नव्हेत. ते त्यांचे चिरंजीव हिरम पर्सी मॅक्सिम. पित्यानें आवाज करणारें यंत्र काढलें, तर पुत्रानें आवाज दाबणारें. सायलेन्सर हा शब्द मोटारसायकलीमुळें आतां आमच्या लहान विद्यार्थ्यांच्याही तोंडीं आहे. बंदुकीचा बार मुका करणाऱ्या आपल्या उपकरणास हिरम पर्सी यांनीं हेंच नांव दिलें होतें. पण त्यांची आठवण आम्ही काढीत आहोंत ती या दोहोंपैकीं कोणत्याही कारणासाठीं नाहीं. ज्याचा आवाज लांब पोंचत नाहीं अशा माणसाचा निरोप शेजाऱ्यानें ऐकावा व पुढच्या शेजाऱ्यास द्यावा, एवढी साधी कल्पना त्यांनीं बिनतारी विद्येंत रुजविली, आणि ती मोडूं पाहणाऱ्या सत्तेपुढें उभे राहून तिचें रक्षण केलें. त्या गोष्टीसाठीं हें चरित्र.

त्यांचा जन्म २ सप्टेंबर १८६९ रोजीं न्यूयॉर्कलगतच्या ब्रुकलिन शहरीं झाला. वडील अलौकिक बुद्धीचे, खोडकर स्वभावाचे, आणि शोधांच्या नादांत घरदार विसरणारे. मुलगा बारा वर्षांचा असतां, १८८१ सालीं, ते पॅरिस येथील विद्युत्-प्रदर्शनाच्या निमित्तानें युरोपास गेले आणि पुढें लंडनलाच स्थायिक झाले. तेथें त्यांनीं दुसरा संसार थाटला, तोफ तयार केली, आणि १९०१ सालीं त्यांस सर ही पदवी मिळाली. अमेरिकेंत राहिलेल्या मुलाच्या वांट्यास मात्र पित्याचा सहवास त्यानंतर फारसा आला नाहीं. आयुष्याच्या अखेरीस हिरम पर्सी यांनीं बालपणींच्या पितृसहवासाच्या आठवणी लिहून काढल्या. तें पुस्तक १९३६ सालीं प्रसिद्ध झालें. सोडून गेलेल्या बापाविषयीं लिहितांना माणसाची लेखणी कडू व्हावी हें स्वाभाविक. पण या पुस्तकांत कडवटपणा शोधून सांपडावा लागतो, आणि विनोद मात्र पानोपानीं भेटतो. आम्हांस ही गोष्ट त्यांच्या कोणत्याही यंत्राइतकीच नवलाची वाटते.

मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्यालयाची पदवी त्यांनीं १८८६ सालीं, वयाच्या सतराव्या वर्षीं, मिळविली. पुढें लिन गांवच्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत काम करीत असतां पेट्रोलच्या वाफेंत केवढें बळ आहे हें पाहण्यासाठीं त्यांनीं तोफेच्या रिकाम्या काडतुसांत पेट्रोलचा थेंब टाकला व आंत पेटती काडी सोडली. जो भडका उडाला त्यानें ते दचकले खरे, परंतु त्यांच्या डोक्यांत मोटार शिरली ती तेथेंच. (असला प्रयोग आमच्या विद्यार्थ्यांनीं वाचावा, करूं नये.) तीनचाकी गाडीवर स्वतः बनविलेलें एंजिन बसवून त्यांनीं ती चालविली, १८९५ पासून हार्टफर्ड शहरांतील पोप कंपनीच्या मोटार-विभागांत ते काम करूं लागले, १८९९ सालीं ब्रॅनफर्ड येथें त्यांनीं मोटारींची शर्यतही जिंकली. न्हाणीच्या टबांतील पाणी भोंवऱ्यासारखें गरगरत शांतपणें निघून जातें हें पाहून, बंदुकीच्या नळींतला वायूही असाच गरगर फिरवून सोडावा म्हणजे आवाज होणार नाहीं, असें त्यांस सुचलें असें सांगतात. त्या उपकरणाचें पेटंट १९०९ सालीं मिळालें. पैसा आला, नांव झालें. चाळिशींतल्या संसारी गृहस्थाचें आयुष्य येथें स्थिरावावयास हरकत नव्हती.

पण घरांत मुलगा वाढत होता, आणि मुलाबरोबर बिनतारीचें वेड. या पितापुत्रांनीं मिळून हार्टफर्डच्या घरीं संदेश-यंत्र उभारलें. आजच्या वाचकांस त्या यंत्राची कल्पना येणें कठीण. त्यांत बोलणें नव्हतें, गाणें नव्हतें. विजेचा सांठा करून तो एका फटींतून उडवावयाचा, कडाड असा ठिणगीचा आवाज व्हावयाचा, आणि त्या ठिणगीच्या लांब-आंखूड कडकडाटांनीं मोर्सच्या लिपींतील अक्षरें आकाशांत जावयाचीं. अमेरिकेच्या १९१२ च्या कायद्यानें या हौशी मंडळींस दोनशें मीटर व त्याहून आंखूड लहरींवर ढकलून दिलें होतें. लहर जितकी लांब तितकी मजल लांब, अशी त्या वेळच्या जाणत्यांची समजूत होती. तेव्हां आंखूड लहरी म्हणजे टाकाऊ माल, तो पोरांच्या हातीं देण्यास कोणाचें काय जातें, असा तो हिशेब. आपल्या वडिलांनीं आपणांस ज्या वयांत सोडलें, साधारण त्याच वयाच्या आपल्या मुलाशेजारीं बसून हा मोठा कारखानदार टिंबें व रेघा गिरवीत असे. याचा अर्थ लावण्याचें काम आम्ही वाचकांवर सोपवितों.

एप्रिल १९१४ मधील गोष्ट. मॅक्सिम यांस ऑडियन नांवाची निर्वात नळी पाहिजे होती. मंद संदेश ऐकावयास तिच्यासारखें दुसरें साधन नव्हतें, आणि ती सहज मिळत नसे. स्प्रिंगफील्ड गांवच्या एका हौशी गृहस्थाकडे ती विकत मिळण्यासारखी आहे असें कळलें. अंतर सुमारें तीस मैलांचें. मॅक्सिम यांचें यंत्र एक किलोवॅट शक्तीचें, म्हणजे कायद्यानें ठेवतां येणारें मोठ्यांतलें मोठें. तरीही तें त्या रात्रीं स्प्रिंगफील्डपर्यंत पोंचेना. पत्र घालणें सोपें होतें. पण घरावर एवढी मोठी तार उभारून पुन्हां टपालाचें तिकीट चिकटविणें कोणा बिनतारीवाल्यास रुचेल? तेवढ्यांत त्यांस आठवलें कीं, वाटेवर विंडसर लॉक्स या गांवीं आपल्या ओळखीचा एक हौशी आहे. त्यांनीं त्याला हाक दिली, निरोप सांगितला, त्यानें तो स्प्रिंगफील्डला कळविला, आणि काम झालें.

आपल्याकडे पूर्वीं डाकेचा हरकारा एका चौकीपासून दुसऱ्या चौकीपर्यंत धांवे आणि थैली पुढच्या हरकाऱ्याच्या हातीं देऊन परत फिरे. एकट्यानें मुंबईहून नागपूर गांठण्याची अपेक्षा त्याच्याकडून कोणी करीत नसे. मॅक्सिम यांच्या ध्यानांत आलें तें हेंच. एकेका यंत्राची शक्ति वाढवीत बसण्यापेक्षां यंत्रें सांखळींत ओंवावीं, मग थोड्या शक्तीचा माणूसही देशाच्या दुसऱ्या टोंकाशीं बोलूं शकेल. त्यांनीं ही योजना हार्टफर्डच्या रेडिओ मंडळापुढें मांडली, आणि १९१४ च्या उन्हाळ्याच्या तोंडीं अमेरिकन रेडिओ रिले लीग ही संस्था निघाली. मॅक्सिम अध्यक्ष झाले. चिटणीस झाला क्लॅरेन्स टस्का, जो अद्याप विशीच्याही आंत होता. पंचेचाळिशीला टेकलेला कारखानदार आणि मिसरूड फुटलेला मुलगा यांनीं अर्जाचे नमुने छापून गांवोगांवच्या हौशांस धाडले. तुमचें यंत्र किती मैल पोंचतें, कोणत्या वेळीं तुम्ही ऐकत असतां, निरोप पुढें देण्यास राजी आहां काय, असे साधे प्रश्न त्यांत होते. शेंकडों उत्तरें आलीं. डिसेंबर १९१५ मध्यें या दोघांनीं क्यूएसटी नांवाचें मासिक काढलें; तें पुढें या छंदाचें मुखपत्र होऊन बसलें. १९१७ च्या फेब्रुवारींत न्यूयॉर्कहून निघालेला निरोप हातोहात लॉस एंजेलिसला पोंचला व त्याचें उत्तर परत आलें. जाण्यायेण्यास मिळून एक तास वीस मिनिटें लागलीं.

येथें क्षणभर चरित्र बाजूस ठेवून आम्ही वाचकांस पुढच्या काळांत नेतों; कारण या सांखळीचें मोल आजचें रूप पाहिल्यावांचून नीट कळणार नाहीं. १९७८ सालीं कॅनडांतील माँट्रिऑलच्या हौशी मंडळींनीं संगणकाचा मजकूर लहान लहान तुकडे करून बिनतारीनें पाठविण्यास आरंभ केला. या तुकड्यास पॅकेट म्हणतात, आणि तें खरोखरच पाकिटासारखें असतें. त्याच्यावर पाठविणाऱ्याचें संकेतनाम, घेणाऱ्याचें संकेतनाम, आणि वाटेंत कोणीं कोणीं हातभार लावावयाचा त्यांचीं नांवें असतात. आंत मजकूर असतो. आणि शेवटीं पडताळ्याचा एक आंकडा. ऐकणाऱ्या यंत्रानें स्वतः हिशेब करून पाहावा, आंकडा जुळला तर मजकूर घ्यावा, न जुळला तर पाकीट मुकाट्यानें टाकून द्यावें. विंडसर लॉक्सच्या गृहस्थानें एखादें अक्षर चुकीचें ऐकलें असतें तर बिचाऱ्यास तें कळलेंही नसतें; यंत्रास मात्र कळतें. संगणक व रेडिओ यांच्यामध्यें दुभाष्याचें काम करणारी एक पेटी असते. तिला टर्मिनल नोड कंट्रोलर असें लांबलचक नांव आहे. संगणकाच्या भाषेंतील शून्य व एक यांचे ती दोन सुरांत रूपांतर करते, आणि हे सूर एका सेकंदास बाराशें अंशांच्या वेगानें आकाशांत जातात. व्हँकूव्हर व पुढें टूसॉन येथील मंडळींनीं अशा पेट्या १९८० च्या सुमारास जमविल्या, आणि घरोघरीं जोडतां येतील अशा रूपांत इतरांस दिल्या.

याच सुमारास अनॅपोलिस येथील अमेरिकन आरमारी विद्यालयांतील अभियंते बॉब ब्रुनिंगा यांच्या मनांत आलें कीं, निरोपांत निरोपच कशास हवा? मी कोठें आहें, एवढेंच पाकिटांत घालून पाठविलें तर? १९८४ सालीं शंभर मैलांच्या एका घोड्यांच्या दौडींत कोणता घोडा कोठें आहे हें कळविण्यास त्यांनीं ही युक्ति वापरली. उपग्रहांवरून अक्षांश-रेखांश सांगणारे ग्राहक पुढें स्वस्त झाले, आणि १९९२ सालीं लोकांपुढें मांडलेली त्यांची ही पद्धति ए-पी-आर-एस या नांवानें जगांत पसरली. तिच्यांत हौशी माणसाच्या मोटारींत किंवा पाठीवरच्या पिशवींत असलेलें लहानसें यंत्र थोड्या थोड्या वेळानें आपलें ठिकाण, दिशा आणि वेग कळवितें. त्याचा आवाज डोंगर आडवा आला कीं थांबतो, कारण या लहरी बहुतांशीं सरळ रेषेंत जातात. मग उंच जागीं बसविलेलें दुसऱ्या कोणा हौशाचें यंत्र तें पाकीट ऐकतें, त्यावर आपला शिक्का मारतें आणि पुन्हां उच्चारतें. पाकिटावर किती हातांतून जावयाचें त्याची संख्या लिहिलेली असते. प्रत्येक हातागणिक ती एकानें उतरते व शून्य झाली कीं प्रवास संपतो. नाहीं तर एकच निरोप दोन डोंगरांमध्यें जन्मभर घुमत राहिला असता. दूर कोठें तरी नकाशावर एक खूण पुढें सरकते, आणि बेपत्ता वाटणारा माणूस कोठें आहे तें कळतें. आंतरराष्ट्रीय अंतराळ-स्थानकावरूनही अशीं पाकिटें पुढें धाडण्यांत आलेलीं आहेत. आपल्या देशांत केंद्र सरकारची परीक्षा उतरून परवाना घेतलेले जे हौशी आहेत, ज्यांच्या संकेतनामाचा आरंभ बहुधा व्ही-यू या अक्षरांनीं होतो, त्यांसही ही विद्या परकी नाहीं. ब्रुनिंगा २०२२ सालीं वारले. त्यांच्या नकाशावरील प्रत्येक खूण विंडसर लॉक्सच्या वाटेनेंच आलेली असते.

आतां पुन्हां मॅक्सिम यांच्याकडे वळूं. न्यूयॉर्क-लॉस एंजेलिसच्या त्या विजयास दोन महिने होतात न होतात तोंच, एप्रिल १९१७ मध्यें अमेरिका महायुद्धांत उतरली. सरकारचा हुकूम सुटला: सर्व हौशी यंत्रें बंद करावीं, घरावरच्या तारा उतरवाव्या, ऐकण्यासही बंदी. सांखळी एका दिवसांत तुटली. कडे होते ते तरुण सैन्यांत व आरमारांत गेले. मोर्सची लिपि ज्यांच्या बोटांत आधींच मुरलेली अशीं माणसें सरकारास आयतीं मिळालीं. मासिक बंद पडलें. संस्थेच्या तिजोरींत जवळजवळ कांहीं उरलें नाहीं.

युद्ध संपलें तेव्हां खरें संकट आलें. बिनतारीचा सगळा कारभार कायमचा आपल्याच हातीं असावा असें आरमार-खात्याच्या मनानें घेतलें, आणि तशा अर्थाचें विधेयक कायदेमंडळापुढें आलें. तें मंजूर होतें तर हौशी लोकांचा दिवा पुन्हां लागता ना. येथें विचार करण्यासारखी गोष्ट अशी कीं, मॅक्सिम यांचें यांत कांहीं अडलें नव्हतें. त्यांचा कारखाना चालूं होता, वय पन्नाशीला आलें होतें, आणि सरकारशीं वैर करण्यांत व्यापारी माणसाचा लाभ कधींच नसतो. तरी ते डिसेंबर १९१८ मध्यें वॉशिंग्टनला गेले व समितीपुढें हौशी मंडळींची बाजू त्यांनीं मांडली. दुसरीकडे सभासद, त्यांचे आप्त व मित्र यांच्याकडे पत्रकें गेलीं, आणि आपापल्या प्रतिनिधींस त्यांनीं पत्रें लिहावीं अशी विनंति करण्यांत आली. पुष्कळसे सभासद अद्याप सैन्यांतून सुटलेही नव्हते. त्यांच्यासाठीं त्यांच्या घरच्यांनीं लेखणी उचलली. पत्रांचा पाऊस पडला, आणि १९१९ च्या आरंभीं विधेयक बारगळलें. आमच्या पालक-वाचकांनीं या ठिकाणीं थोडें थांबावें. मुलाच्या छंदास आपण सहसा वेळेचा अपव्यय म्हणतों. त्या पालकांनीं तो सरकारपासून वांचविला.

तरी बंदी लगेच उठली नाहीं. ऐकण्याची परवानगी एप्रिल १९१९ मध्यें मिळाली. बोलण्याची मिळावयास शरद् ऋतु उजाडला. मधल्या काळांत मॅक्सिम व त्यांच्या सोबत्यांनीं सभासदांस रोखे विकून कर्ज उभारलें, टस्काकडून मासिक विकत घेतलें, आणि ज्या संस्थेच्या सभासदांस तोंड उघडण्याची मनाई आहे अशा संस्थेचें दुकान पुन्हां मांडलें. या लोकांस वेडे म्हणावें तर वेडे खरेच.

पुढची यशाची कहाणी आम्ही थोडक्यांत सांगतों, कारण ती इतरत्र पुष्कळ ठिकाणीं मिळेल. ठिणगीची जागा निर्वात नळ्यांनीं घेतली. डिसेंबर १९२१ मध्यें लीगनें पॉल गॉडली यांस स्कॉटलंडांत पाठविलें. आर्ड्रॉसन गांवच्या समुद्रकांठीं तंबूंत बसून त्यांनीं अमेरिकेंतील हौशांचे संदेश अटलांटिकपार ऐकले. १९२३ च्या नोव्हेंबरांत फ्रान्समधील लेओं दलॉय व अमेरिकेंतील फ्रेड श्नेल यांनीं शंभर मीटरच्या आसपासच्या लहरीवर एकमेकांशीं संभाषण केलें. टाकाऊ म्हणून पोरांच्या पदरीं टाकलेल्या आंखूड लहरीच पृथ्वीप्रदक्षिणा करूं शकतात असें ठरलें, आणि मोठमोठ्या कंपन्या त्या लहरींसाठीं धांवल्या. १९२५ सालीं पॅरिसला आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला. त्याचेही अध्यक्ष मॅक्सिमच. मधल्या वेळांत त्यांनीं हौशी चित्रपटकारांचीही एक संस्था काढली. स्वस्थ बसणें त्यांच्या रक्तांत नव्हतें. तेवढी वडिलांची देणगी.

त्यांची एक गंमत मात्र सांगितल्यावांचून राहवत नाहीं. क्यूएसटी मासिकांत म्हातारा या अर्थाच्या टोपणनांवानें कोणी एक गृहस्थ लेख लिहीत असे. आकाशांत गोंगाट करणारे, दुसऱ्याचें संभाषण मोडणारे, उगाच तासच्या तास आपलेंच नांव ठोकीत बसणारे, अशा सर्वांचा तो खरपूस समाचार घेई. अपराध्यांस शिक्षा करण्याचें वूफ-हाँग नांवाचें एक भयंकर हत्यार त्यानें कल्पिलें. पुढें तशी एक वांकडीतिकडी लांकडी वस्तु त्यानें खरोखरच लीगकडे पाठवून दिली, आणि ती तेथें जपून ठेवण्यांत आली. हा म्हातारा कोण याविषयीं वर्षानुवर्षें तर्क चालले. सभ्य, टापटिपीचे, सभांचें अध्यक्षस्थान भूषविणारे मॅक्सिम हेच ते, हें सर्वांस त्यांच्या मृत्यूनंतरच समजलें. त्यांचा हा राग पोरकट नव्हता. आकाश सर्वांचें एकच. एकानें तें अडविलें तर दुसऱ्याचा निरोप बुडतो. आजच्या पाकिटांच्या जाळ्यांतही सर्वजण एकाच लहरीवर आळीपाळीनें बोलतात, आणि घरांत स्थिर उभी असलेली मोटार दर दहा सेकंदांनीं आपण कोठें आहोंत हें सांगूं लागली तर डोंगरावर वाट चुकलेल्याचें पाकीट कोणासच ऐकूं जाणार नाहीं. म्हाताऱ्याचें तें हत्यार अद्याप उपयोगी पडलें असतें.

१९३६ च्या फेब्रुवारींत मॅक्सिम पत्नीसह कॅलिफोर्नियास निघाले. ग्रहताऱ्यांचाही त्यांस नाद होता, आणि तेथील लिक वेधशाळा पाहावयाची होती. आगगाडींत घशाचा विकार बळावला. कोलोराडोंतील ला हुंटा या स्थानकावर त्यांस उतरवून रुग्णालयांत नेलें, आणि तेथेंच १७ फेब्रुवारी रोजीं, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षीं, त्यांचा अंत झाला. मेरीलँडमधील हेगर्सटाउन या पत्नीच्या माहेरगांवीं त्यांस पुरलें.

पुढच्याच महिन्यांत अमेरिकेच्या ईशान्य भागांत मोठे पूर आले. टेलिफोनच्या तारा तुटल्या, पूल वाहून गेले, आणि गांवोगांवचे निरोप हौशी मंडळींनीं एकमेकांच्या हातीं देत पुढें पोंचविले. हार्टफर्ड येथील लीगचें स्वतःचें केंद्र त्या पुरांत बुडालें. न्यूइंग्टन येथें नवें केंद्र बांधण्यांत आलें. १९३८ सालीं, मॅक्सिम यांच्या जन्मदिनीं, तें त्यांच्या स्मरणार्थ उघडलें, आणि डब्ल्यू-वन-ए-डब्ल्यू हें त्यांचें संकेतनाम त्यास दिलें. त्या केंद्रावरून नवशिक्यांसाठीं मोर्सचे पाठ अजून प्रसृत होतात. कधीं अगदीं सावकाश, कधीं वेगानें.